पलीकडची अक्षरं

"पत्राची भाषा आपलीच आहे, पण मला वाचता येत नाही," असं लेकीला आईपुढे कबूल करावं लागलं. आणि ती तर शाळेत तीच भाषा शिकवायची!

भाषा एवढीशी. अभ्यासक तिला ऑस्ट्रोआशियाई कुळातली म्हणतात, बोलणारे नुसतं 'आपलं बोलणं' म्हणतात. सरहद्दीवरच्या नदीच्या अलीकडे ती एका लिपीत लिहितात, पलीकडे दुसऱ्या. दोन्ही सरकारांनी आपापली अक्षरं तिच्या अंगावर चढवली. बोलणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

पत्र पलीकडून आलं होतं, म्हाताऱ्या आईच्या धाकट्या भावाचं. बाप गेला तेव्हा त्याने बहिणीला कळवलंच नव्हतं. तेव्हापासून अकरा वर्षं दोघांतून विस्तव जात नव्हता. त्याचा फोन ती उचलत नसे. म्हणून पठ्ठ्याने सत्तरीत प्रौढवर्गात बसून अक्षरं गिरवली.

मायलेकी घड्याळवाल्याकडे गेल्या. तो मूळचा पलीकडचा. लिपी त्याच्या रोजच्या वापरातली, पण ही भाषा ओ की ठो कळत नव्हती.

"मला अर्थ लागायचा नाही हो," तो म्हणाला.

"तू नुसतं वाच. कळायचं ते मला कळेल," म्हातारी म्हणाली.

डोळ्याचं भिंग काढून तो सामानाची यादी वाचावी तसा वाचू लागला. थांबायचा भलतीकडेच.

"तिथे नको दम घेऊस! हं, पुढे." लेकीला हसू आवरेना. मग एका ओळीवर म्हातारीचा चेहरा उतरला.

"परत वाच."

त्याने वाचली.

"अजून एकदा."

"आहे काय एवढं त्यात?" त्याने लेकीला हळूच विचारलं.

तिने अर्थ सांगितला, "'ताई, चुकलं माझं. येऊ का भेटायला?'"

घड्याळवाल्याने कागद खाली ठेवला. एव्हाना ओळ पाठ झाली होती. म्हातारीकडे बघत तो ती सावकाश म्हणाला, कुठेही न अडखळता.

म्हातारीने काउंटरवरून हात घालून त्याचा कान धरला. अकरा वर्षांचं सगळं ती आपल्या बोलण्यात त्याला सुनावू लागली. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला.

शेवटी तिला धाप लागली. तिने कान सोडला.

"हे सगळं तुझ्या अक्षरांत लिही," ती त्याला म्हणाली. "आणि खाली लिही, ये म्हणावं."