रक्तात न उतरलेली हळद

गुरुवारी सकाळी गिरधर नानांनी हळदीच्या अर्काची कॅप्सूल उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर गिळली आणि मगच भरिताची वांगी भाजायला घेतली. अकरा वाजता नूतन यायची होती.

नूतन कॉलेजात या कॅप्सूलवर अभ्यास करायची. साठीपुढच्या माणसांना ती द्यायची आणि रक्तात किती उतरते ते महिन्याने तपासायचं. मेहरूण भागातून नानांचं नाव यादीत होतं.

"हळदीतला गुण पाण्यात विरघळत नाही, नाना," तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "उपाशीपोटी घेतली तर तशीच निघून जाते. जेवणात तेल हवं, काळी मिरी हवी, म्हणजे यकृत तिला लगेच हाकलत नाही. रक्तात पुरेशी मिळाली की तुमचं काम संपलं."

दसऱ्याला पहिला रिपोर्ट आला. "काहीच मिळालं नाही हो. अजून महिनाभर दर गुरुवारी येते," ती म्हणाली. नानांना इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. पत्नी मंदाबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा नीलेश पुण्याहून रविवारी फोन करायचा, तोही "जेवलात ना" एवढ्यापुरता. घर खायला उठायचं. दुसऱ्या दिवसापासून नानांनी कॅप्सूल उपाशीपोटी सुरू केली. म्हातारपणी लबाडी शिकले, पण छान अंगवळणी पडली.

नूतन आली. हल्ली ती रक्ताच्या नळ्यांसाठी बर्फाचा डबा आणायची नाही.

"आज सुई नको. थंडीत शीर दुखते तुमची. पुढच्या गुरुवारी बघू."

"बरं. भरीत करेल शे. दोन घास खाई ले."

ती दोन भाकरी जेवली. खोलीवर एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो म्हणाली. मग एकच ताट पुन्हा पुन्हा घासत राहिली.

"सर बोलनात का तुले?"

"रिपोर्ट लांबला की बोलायचेच," ती मान खाली घालून म्हणाली.

नाना कळवळले. आपल्या सोबतीपायी परक्याच्या पोरीचं शिक्षण अडलं होतं. ती गेल्यावर ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. खरं सांगितलं तर गुरुवार जाणार होता, आणि मग आठवड्यात उरणार काय? तरी शेवटी त्यांनी कॅप्सूलच्या कागदावरचा नंबर लावला. नूतनच्या शालिग्राम सरांनी फोन उचलला.

"साहेब, पोरनी काही चूक नही शे. मीच गोळी उपाशीपोटी लेस. तिले बोलू नका."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"नाना, तुमचा काहीतरी घोळ होतोय," सर म्हणाले. "तुमच्या रक्तात पहिल्याच खेपेला भरपूर मिळालं होतं. दसऱ्यालाच नूतनने तुमची फाईल बंद केली."