ओट्याची उंची

"काका, ओटा फारच खाली आहे. स्वयंपाक करणाऱ्याची कंबर जाईल. असा फ्लॅट भाड्याने कोण घेणार?" कंत्राटदाराने विचारलं. रघुनाथरावांनी आपल्या जुन्या राहत्या घरातला, आईच्या उंचीला बेतलेला तो ओटा लगेच फोडायला सांगितला.

भाडेकरू यायच्या दिवशी त्यांनी बायकोला नवं स्वयंपाकघर दाखवलं. पांढऱ्या ट्रॉल्या, कपाटाखाली दिवे, हाताशी मसाल्यांचा कप्पा.

कुमुदताई कमरेचा पट्टा सावरत ओट्याशी आल्या. त्यावर हात टेकले. इतक्या वर्षांत या स्वयंपाकघरात त्या पहिल्यांदाच ताठ उभ्या होत्या.

"सासूबाई गेल्यावर मीही ओटा उंच करा म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, आता तुला सवय झालीये."

रघुनाथराव आठवून पाहू लागले. तेवढ्यात बेल वाजली.

कुमुदताई ओट्यापासून बाजूला झाल्या.