बोर्डाचे पाय

कमल स्टुलावर चढून बसली आणि रघुनाथरावांचा चेहरा पडला.

सौंसरच्या त्या सरकारी कचेरीचे ते साहेब. ड्रॉइंग बोर्ड त्यांनी स्वतः नागपूरला जाऊन निवडला होता. दुकानातला प्रत्येक बोर्ड ठोकून पाहिला, सागवानी स्टँड गदागदा हलवला आणि सगळ्यांत मोठा होता तो उचलला. पांढुर्ण्याच्या कचेरीतही असा नाही, हे वाटेत भेटेल त्याला सांगितलं. नकाशे काढणारी कमल गजभिये नोकरीला लागल्यापासून जमिनीवर फळी टाकून, वाकून काम करत होती. तिची कंबर पार कामातून गेली होती. स्वतःच्या दयाळूपणानं साहेबांना भरून आलं होतं.

पण एवढ्या उंच बोर्डाला तेवढंच उंच स्टूल लागतं, हा विचार दुकानात त्यांना शिवला नव्हता.

कमलनं ताठ बसून पहिली रेघ ओढली. तिला फार बरं वाटलं. इकडे साहेबांनी पार्टिशनच्या अलीकडून वर पाहिलं. स्टुलावरून तिला त्यांचं टक्कल दिसत होतं, उघडा डबा दिसत होता, आणि जेवणानंतरची डुलकीही दिसणार होती. त्या कचेरीत साहेबांच्या वर फक्त भिंतीवरचे पुढारी होते, तेही फ्रेममध्ये. आणि आता ही गजभियेंची पोरगी. हे अर्थात ते बोलले नाहीत. खिडकीचा उजेड अडतो, असं म्हणाले.

उत्तम सुताराला बोलावणं गेलं. त्यानं स्टुलाचे पाय कापले. मग बोर्ड कमलच्या हनुवटीला लागायला लागला, म्हणून स्टँडचेही पाय कापले. साहेब खुर्चीतून एक डोळा मिटून अंदाज घेत आणि म्हणत, "अजून थोडं." उत्तम पुन्हा करवत लावी. शेवटी बोर्ड चौरंगाएवढा झाला, स्टुलावर पाण्याचा माठ आला आणि कमल होती तिथं, जमिनीवर आली.

"सर, खालीच बसवाचं होतं, त येवढा मोठा बोर्ड कायले आणला?" तिनं विचारलं.

साहेबांनी फाइलमध्ये डोकं घातलं.

पुढच्याच महिन्यात रामाकोन्याच्या पुलाचा नकाशा न्यायला छिंदवाड्याहून मोठे साहेब आले. बाहेर जीप चालूच होती. फक्त रघुनाथरावांची सही राहिली होती. त्यांनी नकाशा आपल्या टेबलावर मागवला. शाई ओली आहे, आत्ता उचलला तर पसरेल, असं कमलनं सांगितलं. मोठ्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

रघुनाथराव निमूट उठले. पॅंट वर ओढून बोर्डापाशी उकिडवे बसले, पण पोट मध्ये आलं. मग गुडघे टेकले. मग एक हात जमिनीवर ठेवला. अख्खी कचेरी माना वर करून बघत होती. साहेबांचं पेन कागदावर जागा शोधत फिरत राहिलं.

कमलची कंबर ठणकत होती. ती जागची हलली नाही. आवाज मात्र तिनं अगदी अदबीचा ठेवला.

"अजून थोडं, सर. सहीची जागा खालच्या कोपऱ्यात असते, माह्या पायापाशी."