बघतोबा

दाढीवाल्याच्या छातीवर ‘बघतो’ असं छापलेलं होतं. लिपी परकी, पण शब्द आपला. बाई जागच्या जागी थबकल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, तसलेच टी-शर्ट घालून सभागृहात आणखी बरेच जण हिंडत होते.

बाईंच्या गळ्यात लेकाच्या नावाची पट्टी लटकत होती. परदेशातलं हे संमेलन म्हणजे फुकट्या सॉफ्टवेअरवाल्यांची जत्रा, असं लेक स्वतःच थट्टेने म्हणायचा. आपण लिहिलेला प्रोग्राम जगापुढे उघडा ठेवायचा. ज्याला हवा त्याने वापरावा, ज्याला जमेल त्याने दुरुस्त करावा. लेकाचा प्रोग्राम जुन्या छपाईयंत्रांना नव्या संगणकांशी बोलायला लावायचा. त्याबद्दल आज त्याचा सत्कार होता. ‘त्याच्याऐवजी त्याची आई येईल,’ एवढंच बाईंनी कळवलं होतं. बाकीचं त्यांना समोरासमोर सांगायचं होतं. लेकाला जाऊन वर्ष होत आलं होतं.

उभी हयात बाईंनी शाळेत परकी भाषा शिकवली होती. मुलांकडून सगळे काळ घोटून घेतले होते. पण लेकाबद्दल ‘आहे’च्या जागी ‘होता’ म्हणायचं, एवढं एक वाक्य विमानभर घोटूनही जिभेवर बसत नव्हतं. घरी ते ऐकायलाही कुणी तयार नव्हतं. नवरा ‘गेला’ हा शब्द तोंडातून काढत नसे. लेकाच्या खोलीत शिरून दार लावून घ्यायचा, जेवायला हाक मारली की बाहेर यायचा. इथे निदान लेकाला ओळखणारी माणसं होती. त्यांच्यासमोर बोलावं, धाय मोकलून रडावं आणि एकदाचं मोकळं व्हावं, म्हणून बाई एवढ्या लांब आल्या होत्या.

“तुम्ही त्याच्या आई!” दाढीवाल्याने त्यांचे दोन्ही हात धरले. तो त्याच प्रोग्रामवर लेकाबरोबर काम करणारा. “तो का नाही आला? सकाळीच तर त्याचं उत्तर आलं मला.”

“कुणाचं?”

“त्याचंच की!”

आपल्या ऐकण्यात काही चूक झाली, असं बाईंना वाटलं. दाढीवाला मात्र सांगत सुटला. “पूर्वी मी त्याला जाम टरकून असायचो. काही विचारलं की, आधी वाच, मग तोंड उघड! आता पार बदललाय. काही बिघडलंय असं नुसतं कळवा, लगेच उत्तर हजर. ‘बघतो.’ तुमच्याच भाषेतला शब्द ना? वर आणखी, ‘जेवलात का?’ करत मात्र काही नाही हं, दुरुस्ती आम्हालाच करावी लागते. शेवटी गमतीने टी-शर्टच छापून घेतले आम्ही.”

बाईंनी शेजारच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

हा शब्द त्यांच्या संसारात पहिल्या दिवसापासून नांदत होता. नळ गळतोय, बघतो. पंखा कुरकुरतोय, बघतो. कचेरीत अर्ज घेऊन येणाऱ्यांना बघतो, घरात बायकोला बघतो. लेकाने तर बापाचं नावच ठेवलं होतं, बघतोबा. नवसाला न पावणारा देव. बापही हसायचा. मग एके दिवशी, बाई बहिणीकडे गेलेल्या असताना, लेक म्हणाला, “बाबा, छातीत कसंतरी होतंय.”

“बघतो. सकाळी जाऊ डॉक्टरकडे,” बाप म्हणाला.

सकाळी लेक उठलाच नाही. तेव्हापासून बाईंनी नवऱ्याशी बोलणं कामापुरतंच ठेवलं होतं.

“पण माणूस मनाचा मोठा,” दाढीवाला सांगतच होता. “मध्ये मी त्याला सहज लिहिलं, छातीत जळजळतंय, आज काम जमणार नाही. तर उत्तर काय यावं! ‘उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. सकाळची वाट बघू नका.’ एकदा नाही, पुन्हा पुन्हा तेच. मी आपला गेलो. निघालं पित्त! नंतर कितीतरी दिवस रोज विचारत होता, बरं आहे ना म्हणून.”

तो पोट धरून हसला. बाईंना हसू येईना आणि रडूही येईना. बंद दाराआड नवरा काय करत होता, ते आता कळलं. संगणकातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. लेकाच्या नावाने कुणी हाक मारली की तो नुसता ओ देत होता.

बाईंना त्याचा संताप आला, आणि त्या संतापातच त्याची कीव आली. आपण ते वाक्य बोललो की लेकाच्या नावाने येणाऱ्या हाका बंद होणार. मग त्या खोलीत बसून हा माणूस कुणाला ओ देणार? आणि नाही बोललो, तर पोटच्या पोरासाठी रडायला आपल्याला जगात कुठेच जागा उरणार नाही.

व्यासपीठावरून लेकाचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. बाई पायऱ्या चढल्या. निवेदिकेने मानचिन्ह त्यांच्या हातात ठेवलं आणि माईक पुढे केला.

“आम्हा सगळ्यांना एकच विचारायचंय,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी तरी येईल ना तो?”

घोटलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. बाईंनी समोर पाहिलं. रांगांमागून रांगा, हसरे चेहरे आणि ते टी-शर्ट.

“बघते,” त्या म्हणाल्या, आणि अख्खं सभागृह हसत हसत टाळ्या वाजवू लागलं.