बारा फुटांची खोली

सत्त्याऐंशी साली चारुलताबाईंनी वाशीचा फ्लॅट विकायला काढला. पण मापं नकाशाशी जुळल्याशिवाय ना-हरकत दाखला सुटेना. नकाशातली बारा फुटांची आतली खोली आधी साडेअकरा भरली, मग अकरा. गिऱ्हाईक चुळबुळायला लागलं.

माप घ्यायला सरकारी तपासनीस तिसऱ्यांदा भर दुपारी आला. "मॅडम, टेपचं टोक भिंतीला घट्ट दाबून धरा," म्हणत तो दाराच्या पडद्याबाहेर गेला.

टेप ताणली गेली.

"किती भरली हो?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात खिडकीखालच्या रस्त्यावरून तपासनिसाची हाक आली. "मॅडम, नकाशा स्कूटरच्या डिकीत राहिला होता. वर येतो, मग मोजू!"

चारुलताबाईंनी वळून पाहिलं. टेप ताणलेलीच होती.

मग पडद्यापलीकडून कुणीतरी ती ओढली, आणि त्यांच्या तळव्याखालची भिंत टेपबरोबर हळूच दाराकडे सरकली.