निरोगी थेंब

यकृत पोखरणाऱ्या विषाणूच्या अँटिबॉडी रक्तात असल्या की तिने प्रयोगशाळेत चाचणीसाठी घडवलेलं एन्झाइम चमकायचं. निरोगी रक्तात मात्र त्याने गप्प बसायला हवं. निरोगी रक्त घरचंच होतं, नवऱ्याचं. "घे लागेल तेवढं, धुतला तांदूळ आहे मी," असं म्हणत तो बाही वर सरकवायचा.

पण नेमकं त्याच्याच थेंबाला एन्झाइम हटकून चमकायचं. चूक एन्झाइमचीच, दुसऱ्या कुणाची असणार! ती हात धुऊन त्याच्या मागे लागली. इथे बदल, तिथे छाट, पार रडकुंडीला आली, आणि अखेर एकदाचं ते नवऱ्याच्या रक्तात विझलं. प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या. "आणलंस म्हणजे वठणीवर!" घरी नवरा कौतुकाने म्हणाला.

काही वर्षांनी त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. डॉक्टर बाईंनी तिला बाहेर बोलावलं.

"आता हाताबाहेर गेलंय. अँटिबॉडी कधीपासूनच्या असणार रक्तात. तेव्हा कळलं असतं तर नुसत्या गोळ्यांनी बरे झाले असते. कधी तपासलंच नाहीत का हो?"

"तपासलं ना," ती म्हणाली. "दिसेनासं होईपर्यंत तपासलं."