रुख्माची शाळा

“दोन पानं एकदम कायले उलटली, गुरुजी?”

केशोराव थबकले. गेला तासभर ते ओसरीवर बसून पत्रं वाचून दाखवत होते आणि समोर रुख्मा सुपात धान पाखडत ऐकत होती. तिला वाचता येत नव्हतं, लहानपणी शिकलेली अक्षरं केव्हाच विसरली होती, पण नजर तिखट होती.

पत्रं तिच्या थोरल्या भावाची, शालीकरामची. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. गोंदियापासून दवनीवाड्यापर्यंत घराघरात त्याचा फोटो होता. मुलींच्या सात शाळा काढणारा माणूस. बेचाळीसला तुरुंगात गेला, तिथून बहिणीच्या नावाने पत्रांमागून पत्रं लिहिली आणि एकही टपालात टाकलं नाही. सगळी त्याच्या पेटीत सापडली. स्मारक समिती आता त्यांचं पुस्तक काढणार होती. त्याला संमती म्हणून रुख्माचा अंगठा घ्यायला गोंदियाचे केशोराव मास्तर आले होते.

“तेवढा मजकूर पुस्तकात घ्यायचा नाही असं ठरलंय,” ते म्हणाले. “घरगुती आहे.”

“मंग त तो माह्याच घरचा झाला. वाचा.”

केशोरावांनी ओसरीच्या टोकाकडे पाहिलं. तिथे बाजेवर तिचे वडील बकाराम डोळे मिटून बसले होते. ऐंशीला टेकलेले. नवरा गेल्यापासून रुख्मा इथेच राहायची, त्यांना दोन वेळा वाढायची, आजारपणात उशाशी बसायची. पण चाळीस वर्षांत तिने त्यांना ‘बाबा’ म्हणून हाक मारली नव्हती. ती नऊ वर्षांची असताना त्यांनी तिची शाळा बंद केली. हातची पाटी काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी चिखलात धानाच्या रोवणीला उभं केलं. तेव्हा ती तीन दिवस जेवली नव्हती. शालीक तेवढा तिच्याजवळ येऊन बसायचा. बापावर जितका राग, तितकी भावावर माया. ती तेव्हापासूनची.

केशोरावांनी पान मागे उलटलं. आवाज उतरला होता.

“‘रुख्मा, आपल्या गावच्या गुरुजींनी वर्गात माझी पाटी तुझ्या हातात दिली आणि चुका काढायला सांगितल्या. तू सगळ्या काढल्यास. पोरं हसली. घरी येऊन मी बाबांना सांगितलं की गुरुजी रुख्माला एकटीला मागे थांबवून घेतात. ते खोटं होतं. तुझी शाळा मी सोडवली. तुझ्यासमोर हे बोलायची माझी छाती नाही. तुला वाचता येत नाही, म्हणून तर लिहितो आहे.’”

रुख्मा उठली. सूप कलंडलं, धान ओसरीभर पसरलं. तिने तिकडे पाहिलंही नाही.

“इंग्रजाले भेला नाही तो, आन् मले भेला?” तिचा आवाज शेजारपाजारी पोचला. “दरसाल भाऊबीजेले ओवाळलं मी त्याले! मी बापासंग बोलत नाही, हे पाहे तो. ताटावर बसून पाहे आन् गुमान जेवे!”

“लहान होते हो ते, रुख्माबाई. अकरा वर्षांचे.”

“तवा लहान होता. पन्नास वर्षांचा झाला तवाबी लहानच होता का?”

केशोराव चाचरत म्हणाले, “लोक देव मानतात त्यांना. हे छापलं तर काय राहील?”

“सात शाळा राह्यतील. हे पान छापाल त अंगठा देतो म्हणावं तुमच्या समितीले. नाही त नाही.”

केशोरावांनी कागद गोळा केले. समितीला विचारून कळवतो म्हणाले आणि चपला घालून अंगणाबाहेर पडले.

रुख्मा बाजेकडे वळली. म्हाताऱ्याच्या पायाशी बसली. चाळीस वर्षं एका निरपराध माणसाला तिने मुकाट्याने शिक्षा भोगायला लावली होती.

“बाबा,” ती म्हणाली. त्या हाकेसरशी तिला रडू कोसळलं. “त्यानं फसवलं तुमाले. आन् मी उगाच तुमच्यावर... मले माफ करा.”

बकारामने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं नाही.

“मी नाही फसलो, रुखमे. पोट्टा खोटं बोलून राह्यला, हे मले तवाच समजलं होतं. तुले घरी बसवाले मले बहाणाच पाह्यजे होता.”